बापूंच्या माईकमधून पेटी आलीच नाही

नलूवहिनी, गुडघा काय म्हणतोय? तेल लावताय, का नुसती बाटली खिडकीत उभी करून ठेवलीय? प्रकाश, तुझी मान धरली होती ती सुटली का... महापेच्या त्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसल्यावर दुसरं काय होणार म्हणा. बाकी मंडळी, तुम्हीही आपापल्या बीपी-शुगरला धरून असालच. आमचं इथं खांदेश्वरला बरं चाललंय.

बापूंची तब्येत तेवढी विचारत नाही. आजची पोस्ट त्यांच्यावरच आहे, आणि त्यांना विचारूनच लिहितोय.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं फोनवर एकत्र अल्बम ऐकतो. ज्याची पाळी तो लिंक पाठवतो, सगळे व्हिडिओ कॉलवर जमतात, आणि पाळीवाला 'सोडा' म्हणाला की ज्यानं त्यानं आपल्या घरी टीव्हीवर नाहीतर टॅबवर तो अल्बम सोडायचा. मधलं काही ओलांडायचं नाही, बोलायचं नाही. संपल्यावर एकेकानं काय आवडलं ते सांगायचं.

माईक मात्र बंद. कारण कुणाचं तरी नेट मागं राहतं, आणि त्याचा माईक उघडा असला की त्याच्या घरचं गाणं आपल्या गाण्यामागून लंगडत येतं... आरतीत एखाद्याची टाळी चुकावी तसं. मग सगळे त्याच्यावर तुटून पडतात.

मागल्या शनिवारी नलूवहिनींची पाळी होती. त्या मूळच्या कोकणातल्या, आता नवीन पनवेलला लेकीकडं असतात. त्यांचे वडील दशावतारात पेटी वाजवायचे. म्हणून त्यांनी कुठून कुठून हुडकून नुसत्या पेटीवादनाचा अल्बम आणला होता, आणि नीट ऐका हं, असं प्रत्येकाला फोन करून बजावलं होतं.

त्या दिवशी बापूंचा माईक उघडा राहिला. बापू म्हणजे माझे साताऱ्याकडचे दोस्त. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर त्यांची हयात गेली, आणि हा ग्रुपही त्यांनीच काढलेला. मी कान टवकारून बसलो, आता लंगडी पेटी येणार...

आली नाही. पंख्याची घरघर आली, कुकरची शिट्टी आली, सूनबाईंनी कुणाला तरी कोथिंबीर आणायला पिटाळलं तेही आलं. पेटीचा पत्ता नाही. आणि स्क्रीनवर बापू डोळे मिटून मान डोलावतायत.

मी फोनवरची नजर टीव्हीकडं वळवली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

अल्बम संपला. बापू म्हणाले, झकास, शेवटी शेवटी तर डोळ्यांत पाणी आलं. नलूवहिनींचा चेहरा उतरला होता.

"बापू, माईक चालू होता तुमचा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं कुकर वाजला, पेटी नाही वाजली. नाही आवडली तर सरळ सांगावं माणसानं. खोटी मान कशाला हलवायची?"

प्रकाशनं नेटवर्कवर ढकलून बघितलं. कुणी साथ दिली नाही.

बापूंनी कानामागचं मशीन बोटानं दाखवलं. ते आम्ही आधी पाहिलेलं, वयाचं म्हणून सोडून दिलेलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. मशीन घातलं की माणसाचं बोलणं कळतं, पण गाणं लावलं की पत्र्यावर खडी ओतल्यागत होतं. कुठला सूर आणि कुठला ठेका, काही लागत नाही. म्हणून त्यांनी लावणंच सोडलेलं. दर शनिवारी नुसते येऊन बसायचे.

"सांगितलं असतं तर शनिवार गेला असता माझा," बापू म्हणाले. "आता कळलंच तुमाला. ऐकणाऱ्यांच्यात माझं काय काम... येतो मी."

कॉल बंद करायला त्यांचं बोट पुढं आलेलं दिसत होतं.

"थांबा," नलूवहिनी म्हणाल्या. "पाळी माझी आहे अजून. अल्बम ऐकल्याबिगर उठायचं नाही, हा नियम तुम्हीच काढलात ना?"

आणि त्यांनी स्वतःच्या कानाला इअरफोन लावून तो अल्बम पहिल्यापासून सोडला. बोलायचं नाही हा नियम मोडून त्या बापूंना सांगत राहिल्या... आता पेटी एकटीच आहे, भाता अगदी हळू ओढलाय, बाबा असाच धरायचे. आता मागून तबला आला, पण दबकत, पाहुण्यासारखा.

बापू डोळे उघडे ठेवून ऐकत होते.

मग आम्हालाही राहवेना. मी आणि प्रकाश मध्ये मध्ये बोलायला लागलो, तशी बापूंनी हात वर केला. दोघंतिघं एकदम बोललं की पुन्हा खडीच. तेव्हा आम्ही दोघांनी बाजूला चॅटमध्ये लिहायचं ठरवलं. मी एका बोटानं टाइप करणारा माणूस... एक ओळ होईपर्यंत पुढचं वादन निम्मं उरकलेलं.

"अण्णा," बापू मला म्हणाले, "तुमचा तबला पाहुण्याच्या मागनं सामान यावं तसा येतोय."

सगळे हसले. बापू शेवटपर्यंत थांबले, एवढं खरं.

एक मात्र कळलं. इतके शनिवार मीही मान डोलवत होतो, पण काय ऐकलं ते दुसऱ्याला सांगायचं म्हटल्यावर पहिल्यांदा कान लावून ऐकावं लागलं.

येत्या शनिवारी माझी पाळी आहे, सनईचा अल्बम आहे. लिंक खाली टाकतो. तुम्हीही सवडीनं ऐका आणि कानाला काय आलं ते दोन ओळींत इथंच लिहा. नुसतं 'छान', 'अप्रतिम' लिहू नका, त्यानं बापूंना काहीच ऐकू जात नाही. आणि जरा लवकर लिहा... ते चष्मा लावून बसलेत.