सहा अक्षरे

तिला सगळे टाकीवहिनी म्हणत. दगडात अक्षरे कोरायची टाकी सासऱ्यांनी तिच्या हातात दिली, कारण दोन्ही मुलांनी त्या धुळीला नाक मुरडले होते. वीस वर्षे ती नावाच्या पाट्या आणि पायऱ्यांवरची अक्षरे कोरत आली. डाव्या अंगठ्याचे नख कधी पुरते वाढले नाही. जिभेने फटकळ, पण काना-मात्रेला चुकली नाही.

धाकटा दीर अंगणात आला तेव्हा ती टाकीला धार लावत होती. दीर आता देवळाचा सचिव होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं.

"वहिनी, देवळाच्या दारातल्या पाटीची शेवटची सहा अक्षरं घासून टाकायचीत."

ती पाटी सासऱ्यांनी, अप्पांनी कोरलेली. 'आद्य आचार्यांनी या देवतेची स्थापना केली, असे म्हणतात.' त्यातला शेवटचा 'त' त्यांनी तिच्याकडून कोरून घेतला होता. दगडातले तिचे पहिले अक्षर.

"का बरं?"

"पलीकडच्या देवळाने बोर्ड लावलाय, आचार्य तिथे वर्षभर राहिले म्हणून. त्याच्या पुढच्यांनी तर त्यांच्या पादुकाच काढल्यात. आणि आपलं काय, तर असे म्हणतात. लोक हसतात."

"आचार्य बत्तिसाव्या वर्षी गेले ना? आपल्या आसपासच्या देवळांतले मुक्काम जोडले तर त्यांची साठी उलटते."

दीर हसला नाही. "श्रद्धेचा विषय आहे, वहिनी."

"मग मी काय देवळात नुसती पाटी पुसायला जाते? रोज हात जोडते. पण हे शेपूट काढा म्हणून तेव्हाच्या पंचांनीही सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, मी बघायला नव्हतो, ऐकलंय तेवढंच कोरणार."

"अप्पा जुन्या काळचे."

"आणि आचार्य कालचे? जो माणूस गावोगाव फिरून समोरच्याला 'कशावरून?' विचारायचा, त्याच्याच नावावर थापा मारायच्या?"

"तुमचा मान म्हणून आधी विचारलं," दीर थंडपणे म्हणाला. "नाहीतर उद्या मशीनवाला येईल. अर्ध्या तासात सपाट."

सपाट. तिच्या कानशिलांत रक्त चढले. सख्ख्या बापाच्या अक्षरांबद्दल हा शब्द, आणि तोही पान थुंकावे तसा.

"मशीनवाला कशाला? मीच जाते," ती म्हणाली. दीर खूश होऊन गेला. आपली वहिनी एवढ्या लवकर कधीच ऐकत नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवे होते.

दुपारी आत सभामंडपात समितीची बैठक भरली आणि ती दारात पाटीपुढे बसली. दात आवळलेले, घाव मात्र मोजके. आतल्यांना ठकठक ऐकू येत होती. काम चालू आहे, म्हणून सचिवांनी सर्वांना सांगितलेही.

बैठक आटोपून दीर बाहेर आला. बाकीची अक्षरे होती तशीच, नखाएवढी खोल. पाटी दोन बोटे जाड, आणि 'असे म्हणता' आता चांगले एक बोट आत गेले होते. प्रत्येक अक्षरात काळी सावली उभी.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत?"

"घासा आता. ही जायची तर अख्खी पाटी फुटेल, तुमच्या बापाच्या अक्षरांसकट. बोलवा मशीनवाल्याला."

दीर पाटीवर वाकला. मागे समितीची माणसे चपला शोधत होती.

"बाजूला व्हा, भाऊजी," ती म्हणाली आणि 'त'वर टाकी टेकवली. "उजेड अडतोय."