बॉल सोडा, पाय पाहा

पंचाची परीक्षा पास झाले तेव्हा घरात पेढे वाटले होते. पहिल्या सामन्याच्या सकाळी मात्र मला चहासुद्धा घशाखाली उतरेना. महागावला तालुक्याच्या व्हॉलीबॉल स्पर्धा होत्या. सोयाबीन निघालेलं, त्यामुळे गावोगावचे पोट्टे मोकळे. मोठा भाऊ आमच्या गावच्या टीमचा कॅप्टन. त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून मी निघाले. रस्ताभर त्याची मस्करी चालू. "माह्यावर शिट्टी वाजवली ना, त सांगून ठेवतो, चहा नाही भेटनार तुले."

मला हसू येईना. एरवी मी तोंडाळ बाई. शाळेत खेळ शिकवते, माझा आवाज ऐकून अख्खं मैदान रांगेत येतं. पण त्या दिवशी अंगात पंचाचा पांढरा शर्ट होता. ऐन वेळी माझ्याकडून शिट्टी वाजेल का, ह्या एकाच विचाराने जीव खाल्ला होता.

वर शिडीवर उभे राहणारे मुख्य पंच यवतमाळहून आले होते. वयाने मोठे, बोलणं मोजकं. माझं काम पाहून जिल्ह्याच्या स्पर्धेला बोलवायचं की नाही, ते तेच ठरवणार होते. मी खाली, समोरच्या खांबाजवळ, दुसरी पंच. आमच्या गावचा सामना पुकारला तशी मी धावत त्यांच्याकडे गेले.

"सर, ह्या टीममध्ये माझा सख्खा भाऊ आहे."

"दुसरा माणूस आलाच नाही मॅडम. अन् इथं सगळे कोणाचे ना कोणाचे भाऊच आहेत. तुम्ही फक्त बॉल सोडा, पाय पाहा."

पाय पाहणं हेच माझं मुख्य काम होतं. सर्व्हिसच्या क्षणी ती घेणारी टीम आपापल्या जागेवर हवी. सर्व्हिस मिळाली की गडी एकेक जागा सरकतात. मागच्या रांगेत गेलेल्याने पुढच्याच्या पुढे उभं राहायचं नाही. आमच्या गावात ही भानगडच नाही. नेटवर ज्याची जागा, त्याची ती गुडघे दुखेपर्यंत. भाऊ नेटवरचा. स्पर्धेपुरते सगळे सरकायला शिकले होते, पण भावाचे पाय काही मागे टिकत नसत, हळूच नेटकडे यायचे. मीही गावच्या त्याच मैदानाच्या कडेला बसून मोठी झालेली. बॉल उडाला की माझी मानही वर उडायची.

पहिला सेट मी बॉलच पाहत राहिले. आमचं गाव जिंकलं. वरून सरांनी रागाने स्वतःच्या बुटांकडे बोट दाखवलं. दुसरा सेट आमचे हरले. तिसऱ्यात तर समोरच्यांना जिंकायला एकच पॉइंट हवा होता आणि सर्व्हिसही त्यांचीच.

मी जबरदस्तीने नजर खाली आणली. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेले बूट दिसले. भाऊ मागच्या रांगेतला होता आणि उभा होता थेट नेटजवळ, पुढच्या पोट्ट्याच्याही पुढे. देवा, त्याला मागे घे रे, असं मनात म्हणतेय तोवर सर्व्हिसचा हात बॉलला लागला आणि शिट्टी वाजली. ती माझीच होती, हे मला ऐकू आल्यावर कळलं.

बॉल खेळलाच गेला नाही. चुकीचा पॉइंट समोरच्यांना, सामना तिथेच संपला. जागा चुकल्याची खूण म्हणून मी बोट गोल फिरवलं आणि भावाकडे दाखवलं.

"कायची चूक? बॉल त अजून आलाबी नोयता!" लोक ओरडायला लागले. आमच्या गावची पोरं माझ्या अंगावर यायच्या बेतात. भावाने खाली आपल्या पायांकडे पाहिलं, हात आडवा करून पोरांना थांबवलं आणि रिवाजाप्रमाणे हात मिळवायला माझ्यापाशी आला. "थँक्यू मॅडम." जन्मभर मला पोट्टी म्हणणारा हा माणूस. ते मॅडम मला फार लागलं.

सर शिडीवरून उतरले. "पुढच्या आठवड्यात यवतमाळला या," एवढंच म्हणाले. ज्यासाठी एवढी धडपड केली ते मिळालं होतं, आणि मी मात्र मोटरसायकल जागेवर आहे का ते पाहत होते.

होती. भाऊ तिच्यावर बसून वाट पाहत होता. मी मागे बसले. गावाच्या फाट्यावर टपरीपाशी त्याने गाडी थांबवली आणि दोन चहा सांगितले. मला जरा हायसं वाटलं.

"शिट्टी बराबर होती तुही," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"पन पयल्या सेटमंदीबी मी तेथंच उभा होतो. तवा काहून नाही वाजवली?"

"दिसलं नाही दादा. बॉल पाहत होते."

"मले वाटलं, तसं उभं राह्यलेलं चालून राह्यलं." त्याने कप ओठाला लावला. "तवाच वाजवली असती, त मी मांगं राह्यलो असतो ना."

त्याने चहा संपवला. माझा हातातच निवला.