हिरव्या काठाचं फडकं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही, माझ्या मित्राला, सुन्याला अर्धंच माहीत आहे, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला — पण ते पुढे येईलच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या गावच्या जीपने येत-जात नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका विनोदी नाटकाची आहे. हसू आलं तर हसा. मलाही येतं — अधूनमधून.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. आई बावधनच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायची, सकाळच्या पहिल्या जीपने जायची, आणि त्यावर मी शिकलो. हे उपकार मी रोज आठवतो. आता एका शाळेत मराठी शिकवतो. फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडेच आहे — माझं अक्षर चांगलं आहे ना.

तर, शेवटच्या वर्षाला असताना आमच्या सरांनी हौशी नाट्यसंघ काढला. पौडला शाळेच्या सभागृहात तालमी. नाटकाचं नाव ‘फरशी ओली आहे’. घरकाम करणाऱ्या चार बायका, एक मॅडम, मॅडमची हरवलेली अंगठी आणि एक कुत्रा. आळ येतो त्या चौघींवर. अंगठी निघते कुत्र्याच्या पोटातून. कुत्र्याचं काम सुन्याने मागून घेतलं, कारण त्यात पाठांतर नव्हतं.

चौथ्या बाईचं काम करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं. सरांनी सगळ्या मुलांवरून एकदा नजर फिरवली आणि माझ्यावर बोट ठेवलं. मला मिशी येत नव्हती, एवढंच कारण. मला वाटलं, गुण ओळखले.

सर म्हणाले, निरीक्षण करा. मला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. आई आणि तिची मैत्रीण हौसामावशी रोज माझ्यासमोरच कामाला निघायच्या. हौसामावशी शेजारची. दोघी जीपमध्ये एका माणसाच्या जागेत बसायच्या आणि वर ड्रायव्हरलाच ऐकवायच्या — “आमी दोगी मिळून एकच हाय रं, सरक तिकडं.” ते वाक्य मी तसंच नाटकात घातलं. टाळी घेणारं वाक्य ठरलं ते.

आता साडीकडे येतो. यायलाच हवं.

आईने एक साडी घेऊन ठेवली होती. जांभळी, हिरव्या काठाची, काठावर बारीक पोपट. मला पदवी मिळेल त्या दिवशी नेसायची म्हणून — मी अजून परीक्षेला बसलोही नव्हतो. हौसामावशीला बरोबर नेऊन, दुकानदाराला दुपारभर छळून दोघींनी ती निवडली. मग पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली. ती कुठे आहे हे तिघांनाच माहीत होतं. त्यातला तिसरा मी.

नाटकाच्या शेवटी चौघी नटूनथटून मॅडमच्या घरी जेवायला जातात. पहिल्या रंगीत तालमीला सर म्हणाले, चांगली साडी आणा. मी काय केलं असेल? संध्याकाळपर्यंत परत ठेवू, असं मनाशी म्हणून मी ती काढली. सुन्याला सांगितलं, मामीची आहे, तिला नको आहे.

रविवारची दुपार. साडी नेसवणाऱ्या मुलीने माझ्या पाठीवर, खांद्यावर, कमरेला पिना लावल्या — का, तर मी चालताना पाय फाकतो. तालीम संपली तशी ती घरी गेली. पिना माझ्या हाताला पोचेनात. सुन्याने प्रयत्न केला, दोनदा बोट टोचून घेतलं आणि म्हणाला, “चल, तिच्याच घरी जाऊ. तिनं बांधलंय, तीच सोडंल.”

मी त्याच्या मोटारसायकलवर एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसलो. आईला पाहिलं होतं तसा. पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्या मागून येत होत्या. एका ढाब्याबाहेरून एक आजी ओरडल्या, “आवं बाई, पदर सांभाळा.” आणि मी — भूमिकेत शिरलेला माणूस — बारीक आवाजात म्हणालो, “व्हय व्हय, आजी.” तेवढ्यात पदर साखळीत गेला.

पदर गेला, निऱ्यांचा अर्धा भाग गेला, आम्ही दोघं रस्त्याच्या कडेच्या गवतात गेलो. आजी धावत आल्या. माझ्या डोक्यावरचा टोप सरकला होता. त्यांनी टोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या.

साडी काळ्या ग्रीसने माखली होती, चिंध्या लोंबत होत्या. मी ती नाटकाच्या सामानाच्या खोक्यात कोंबली. चूक ती का? नाही. तिथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. आईने चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोलली नसती.

आईने पेटी उघडली ती पुढच्या आठवड्यात. सगळं बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. मग दारात उभी राहून मला विचारलं, “तू बगितलीस का रं साडी?”

मी पाठांतर करत होतो. मान वर न करता म्हणालो — “न्हाई. परवा हौसामावशी आली होती ना घरी?”

बस्स. एवढंच वाक्य. मावशी आली होती, हे खरंच होतं; विरजण मागायला आली होती. मी खोटं काय बोललो? ‘न्हाई’ सोडलं तर काहीच नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण ते वाक्य बोलताना मला नीट माहीत होतं की ते कुठे जाऊन पडणार आहे. आई पेटीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ती पुढच्या सीटवर बसली. हौसामावशी म्हणाली, “काय झालं गं?” आई म्हणाली, “माज्या पेटीला इचार.” जीपमध्ये बाराजणी तरी होत्या. बावधन येईपर्यंत पेटीला विचारायची कुणाला गरज उरली नाही. तेव्हापासून मावशी शेजारी येऊन बसली की बायका आपली पिशवी दुसऱ्या मांडीवर घ्यायच्या. बोलायच्या हसूनच. पिशवी मात्र हलायची.

आणि मी? मी रोज संध्याकाळी तालमीत छाती पिटून म्हणत होतो, “आमी तुमची घरं पुसतो बाई, पण चोर न्हाई.” इतकं मनापासून म्हणायचो की कुत्रा झालेला सुन्याही डोळे पुसायचा. सर म्हणाले, हे तू कुठून आणतोस? मी म्हणालो, निरीक्षण.

प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या प्रवेशाला दुसरी साडी मिळाली. पण सरांना वाया गेलेली वस्तू बघवत नसे. खोक्यातली चिंधी त्यांना सापडली, त्यांनी तिचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातात दिला — फरशी पुसायचं फडकं. पडदा उघडायची वेळ झालेली. मी काय म्हणणार होतो?

तर असा मी, खरं पाणी सांडलेल्या रंगमंचावर, उकिडवा, मागे मागे सरकत, या विंगेतून त्या विंगेत आईची साडी फिरवत होतो. पहिल्या रांगेत आई. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारी बसलेल्या बाईला कोपराने ढोसून सांगत होती, “माजा हाय त्यो. बग कसा पुसतोय.”

त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला हौसामावशी. तीही हसत होती. मी सरकत सरकत तिच्या बाजूला गेलो, फडकं पिळलं आणि उलटं टाकलं. काठ वर आला. पोपट अजून दिसत होते.

मावशीचं हसू थांबलेलं मला दिसलं. पुढचे संवाद मी कसे म्हटले, कुणास ठाऊक. ‘चोर न्हाई’ला सगळ्यात मोठी टाळी पडली. मला उत्कृष्ट अभिनयाचं पदक मिळालं.

नंतर रंगमंचामागे गर्दी झाली. आई बाहेर बायकांना पदक दाखवत होती. मावशी आत आली. माझ्या हातातलं फडकं घेतलं, काठ दोन बोटांत धरून पाहिला. मग कोपऱ्यातल्या बादलीवर जाऊन घट्ट पिळलं, झटकलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं.

“वाळत घाल,” म्हणाली. “न्हाईतर कुजंल.”

त्या दिवसापासून मी वाट बघत राहिलो — आज आईला सांगेल, उद्या सांगेल. तिने सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी सांगावं म्हणून थांबली असेल? मी विचारलं नाही.

पदवीच्या दिवशी आई रोजच्या साडीत आली. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. दोघी पुढेही कितीतरी वर्षं एकाच जीपने जात राहिल्या आणि ड्रायव्हरमार्फत बोलत राहिल्या — “त्यास्नी सांग, काच लावा म्हणावं, वारं लागतंय.” आता आईने काम सोडलं. मावशी अजून जाते.

त्या पेटीला आईने, साडी गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात, कुलूप आणलं होतं. किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, “तू शिकलेला हायेस. तुज्यापाशी ऱ्हाऊ दे.” ती माझ्यापाशीच आहे, मोटारसायकलच्या किल्लीच्या कडीत. रोज सकाळी शाळेत जाताना जीपच्या थांब्यावर हौसामावशी एकटी उभी असते. मी हात करतो. तीही करते.