खडूबाईंचं जहाज

दुकानाची फरशी काळ्या दगडाची होती, त्यामुळे तिच्यावर पांढरा खडू छान उठायचा. सकाळी शटर वर गेलं की खडूबाई चपला काढायच्या, बाह्या सरसावायच्या, गुडघ्यांखाली जुनी उशी घ्यायच्या आणि कुणाची तरी केबिन आखायला बसायच्या. दार इथे, पलंग इथे, कपाट इथे, न्हाणीघराचा उंबरा इथे, आणि ही खिडकी. खिडकीशी आल्यावर त्यांचा हात आपोआप सावकाश व्हायचा.

दुकान जहाजाच्या सफरी ठरवून देण्याचं. तेही फक्त लहान जहाजांच्या, शंभर-दीडशे माणसं नेणाऱ्या. हजारोंची वरात नेणाऱ्या अवाढव्य जहाजांना खडूबाई 'तरंगते बाजार' म्हणायच्या आणि कुणी त्यांची चौकशी केली तर दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानाचा पत्ता द्यायच्या, तोही थोड्या दयेनेच. आपल्या गिऱ्हाइकाला त्या तीनच प्रश्न विचारायच्या. कुठे जायचंय? झोपायचं कसल्या खोलीत? आणि जेवायचं कसं? तिन्ही उत्तरं जुळली की जहाज आपोआप सापडतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक जहाजाचं एक पान असलेली निळी वही त्यांच्याकडे होती. त्या पानावर तीन रकाने होते आणि कडेला बारीक अक्षरात शेरे.

खडूचं प्रकरण सुरू झालं ते एका उंच मास्तरांमुळे. दुकानात नोकरीला लागल्याच्या पहिल्याच वर्षी खडूबाईंनी त्यांना एक सुरेख सुइट घेऊन दिला होता. माहितीपत्रकातला फोटो बघूनच दिला होता, दुसरं करणार काय? मास्तर अकरा दिवस पाय कपाटात घालून झोपले. परत आल्यावर ते चिडले नाहीत, हेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "बाई, फोटोत माणूस झोपवून दाखवत नाहीत." त्या दिवशी खडूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप आणि खडूची पेटी आणली. तेव्हापासून गिऱ्हाईक नवरा-बायको असोत नाहीतर विहिणी-विहिणी, त्यांना आखलेल्या केबिनीत चालावं लागे, पलंगावर म्हणजे फरशीवर आडवं व्हावं लागे, नसलेल्या कपाटाचं नसलेलं दार उघडून एकमेकांना धक्का लागतो का ते बघावं लागे. लोक आधी लाजायचे. मग भांडायचे, की खिडकीकडची बाजू कुणाची. खडूबाई म्हणायच्या, भांडण इथेच उरकलेलं बरं, पाण्यावर माहेरी जाता येत नाही.

सव्वीस वर्षं हे चाललं होतं, आणि खडूबाईंनी स्वतः जहाजात पाऊल ठेवलेलं नव्हतं. याचं त्यांना फार दुःख होतं असंही नाही. दुपारी मालक मागच्या खोलीत डुलकी काढायला गेले, की त्या आखलेल्या केबिनीत खुर्ची नेऊन खडूच्या खिडकीशी बसायच्या. समोर खरं तर भिंत आणि तिच्यावर एक पाल. पण त्या बसल्या की भिंत हळूहळू पातळ व्हायची. एखाद्या बेटाची कड यायची, तिच्यावरची पांढरी घरं, वाळत घातलेली जाळी, मग पुन्हा नुसतं पाणी. कुठल्या बंदरात किती वाजता ऊन कुठल्या बाजूला असतं हे त्यांना पाठ होतं. चहा निवून जायचा. पाल बिचारी समुद्रात पोहत राहायची.

घरी मात्र वेगळंच वेळापत्रक होतं. त्यांचे यजमान बेकरीवाले. पहाटे तीनला भट्टी, म्हणजे संध्याकाळी सातला झोप. खडूबाई दुकानातून सव्वासातला घरी पोचायच्या. एकतीस वर्षांच्या संसारात दोघं रात्रीचं जेवण एकत्र जेवली असतील ती फक्त सुटीच्या वारी, आणि त्या दिवशीही बेकरीवाले दुसऱ्या घासाला पेंगायला लागायचे. एका घरात दोन पाळ्या, असं खडूबाई हसून सांगायच्या. निरोप फळ्यावर लिहिलेले असायचे, खडू घरातही होताच. 'दूध संपलंय.' 'खोकल्याचं औषध घ्या.' 'आज पाव चांगला उतरलाय, गरम असताना खा.' भट्टी थंड झाली की दोघांनी एका लहान जहाजानं जायचं, असं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ठरलं होतं. त्यानंतर त्याचा कुणी फळ्यावर उल्लेख केला नाही.

भट्टी थंड झाली ती डोळ्यांमुळे. आधी बेकरीवाले कप टेबलाच्या जरा बाजूला ठेवायला लागले. मग ओळखीच्या माणसाला आवाज ऐकल्याशिवाय ओळखेनात. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी नीट समजावून सांगितलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग विझत चाललाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. वाचणं आणि चेहरे सगळ्यात आधी.

"सहलीबिहलीला जायचं मनात असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका," असंही त्या म्हणाल्या.

झालं. ज्या बाईनं शेकडो लोकांची जहाजं तासाभरात ठरवून दिली, तिला स्वतःचं एक ठरवता येईना. एकच सफर मिळणार, आणि तीही डोळे आहेत तोवर. चुकलं तर दुरुस्ती नाही. खडूबाईंचा जीव टांगणीला लागला. बर्फाचे डोंगर दाखवावेत की बेटं? नदीच्या मुखातले पक्षी की ज्वालामुखी? निळी वही उघडायच्या, मिटायच्या. स्वप्नात खिडक्या यायच्या, एकामागून एक, आणि प्रत्येक खिडकीशी यजमान पाठमोरे उभे असायचे.

मालक म्हणाले, "खडूबाई, तुमच्यासारखं चिकित्सक गिऱ्हाईक आलं असतं तर मी पलीकडच्या दुकानात पाठवलं असतं."

शेवटी चाळणीतून दोन जहाजं उरली. खरं म्हणजे एकच. त्याला त्या 'काचेचं जहाज' म्हणायच्या. सुइटची एक अख्खी भिंत काचेची, वाट बर्फाच्या कड्यांमधून, कडे इतके जवळ की हात लावावा. जेवणघर मंद प्रकाशाचं, दोघांदोघांची समोरासमोर टेबलं, प्रत्येकावर एक मेणबत्ती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'जेवण अप्रतिम. वातावरण स्वर्ग.' दुसरं जहाज वहीत चुकून राहिलेलं, नाव 'म्हातारी'. किनाऱ्याकिनाऱ्यानं रमतगमत जाणारं, गोल लहान खिडक्यांचं. तिथली चौकोनी टेबलं जमिनीला खिळवलेली होती आणि वर लख्ख दिवे. शेरा होता, 'जेवण साधं. दिवे डोळ्यांवर येतात.' म्हातारीवर त्या फक्त शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींना पाठवायच्या, त्यांची काही तक्रार नसते.

काचेच्या जहाजावर एकच सुइट उरला होता. कंपनीनं तो खडूबाईंसाठी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत धरून ठेवला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्या यजमानांना हाताला धरून दुकानात घेऊन आल्या. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदाच तिथे येत होते, कारण दुकान उघडं असायचं तेव्हा ते कणकेत किंवा झोपेत असायचे.

केबिन आखून तयार होती. सकाळपासून खडूबाईंनी तीन खडू झिजवले होते. बेकरीवाले दारातून आत आले आणि सरळ न्हाणीघरावर उभे राहिले.

"अहो, ते न्हाणीघर आहे."

"रेघ दिसत नाही गं नीट."

खडूबाईंनी खाली बसून सगळ्या रेघा पुन्हा गिरवल्या, बोटभर जाड. मग यजमान पलंगावर आडवे झाले, पिठाच्या पोत्यावर झोपायची सवय असलेल्या माणसाला फरशीचं काय! "ऐसपैस आहे," त्यांनी निकाल दिला. खडूबाई काचेच्या भिंतीशी उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. सकाळी धुकं असतं, ते पाण्यावरून उठतं तेव्हा आधी डोंगराचे पाय दिसतात, डोकं नंतर. बर्फ पांढरा नसतोच मुळी. भेगांमधून निळं दिसतं, तुमच्या गॅसच्या ज्योतीसारखं निळं. मधूनच एखादा तुकडा सुटतो, आणि तो पडलेला दिसतो आधी, आवाज मागून येतो. त्या बोलत राहिल्या. पंख्याची घरघर इंजिनाची झाली, दुकान संथपणे निघालं. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी माणसं काठावरच्या लोकांसारखी मागे मागे गेली. बेकरीवाले डोळे मिटून ऐकत होते.

"अजून सांग," ते म्हणाले.

त्यांनी अजून सांगितलं. किती वेळ, कुणास ठाऊक.

मग यजमान उठून बसले. "आणि जेवायला कुठे बसायचं?"

इतक्या वर्षांत खडूबाईंनी टेबल कधी आखलं नव्हतं. झोपायची जागा मोजावी लागते, जेवायची काय मोजायची! त्यांनी वही काढली, वाचून दाखवलं, मंद प्रकाश, मेणबत्ती, समोरासमोर. आकडे बघून केबिनीबाहेर एक लहान चौकोन आखला. दोघं मांडी घालून दोन बाजूंना बसली. वातावरण हुबेहूब जमावं म्हणून खडूबाईंनी उठून दुकानाचा दिवा बंद केला आणि शटर अर्धं ओढलं. स्वतःची करामत बघून त्या खूश झाल्या होत्या.

बेकरीवाले मात्र दाराकडे बघत होते. खडूबाई बोलत होत्या, सूप कसं येतं, मासा कसा येतो, आणि ते मान वळवून एकटक शटरकडे. कंटाळले, खडूबाईंना वाटलं. इतकं सगळं करून हा माणूस कंटाळला.

"अहो, तिकडे काय आहे?"

"तिकडे काही नाही." ते जरा ओशाळले. "तिकडे बघितलं की तू दिसतेस. समोर बघितलं की तुझ्या जागी नुसता डाग येतो. आणि अंधारात तर कडेलाही नीट लागत नाहीस."

खडूबाईंच्या हातात खडू तसाच राहिला.

"तिथे बर्फ..." त्या कसंबसं म्हणाल्या.

"बर्फ राहू दे गं. बर्फ मला तू सांगशील, आत्ता सांगितलास तसा. मला दिसला सगळा." त्यांची नजर अजून शटरवरच होती, म्हणजे बायकोवर. "तुझा चेहरा मला कोण सांगणार? एकतीस वर्षं संध्याकाळी तुझ्यासमोर बसून धड जेवलो नाही. मला वाटलं, जहाज म्हणजे रोज रात्री तेच असेल."

आता खडूबाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी अजिबात लपवलं नाही. काय काय मोजलं होतं त्यांनी! काचेची रुंदी, कड्यांची उंची, पलंगापासून खिडकीचं अंतर. जगातलं सगळं दाखवायला निघाल्या होत्या, आणि त्या माणसाला काय बघायचंय हे विचारायचंच राहिलं होतं. स्वतःचे तीन प्रश्न त्यांनी दारात आलेल्या प्रत्येकाला विचारले होते, घरातल्या माणसाला सोडून.

त्यांनी डोळे पुसले, त्याबरोबर गालावर खडू लागला. मग फडकं ओलं करून काचेचं जहाज पुसलं, आधी टेबल, मग पलंग, शेवटी ती भिंतभर खिडकी. तिच्याशी हात थोडा रेंगाळला, नाही असं नाही. मग निळ्या वहीत म्हातारीचं पान काढलं आणि ते दुसरं टेबल आखलं, चौकोनी, ऐसपैस. शटर पार वर केलं, दुकानातले सगळे दिवे लावले, आणि मागच्या खोलीतून मालकांचा टेबललॅम्प उचलून आणला. मालक जागे होऊन मागोमाग आले आणि खडूच्या रेघेशी थबकले. सव्वीस वर्षांत त्यांनीही रेघ कधी तुडवली नव्हती.

"अशा इकडे बसा तुम्ही," खडूबाई म्हणाल्या, "आणि मी कोपऱ्याच्या या बाजूला." आता त्या समोर नव्हत्या, शेजारच्या कडेला होत्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. "सरळ बघा. मान वळवू नका."

बेकरीवाल्यांनी सरळ भिंतीकडे बघितलं. पाल तिथेच होती.

"दिसते?"

"दिसतेस," ते म्हणाले.

खडूबाईंनी मालकांना फोन द्यायला सांगितला आणि काचेचा सुइट सोडून दिला. तीन वाजायचे होते. मग म्हातारीच्या पानावरचा 'दिवे डोळ्यांवर येतात' हा शेरा खोडून तिथे लिहिलं, 'दिवे चांगले.' लिहिता लिहिता त्या सांगायला लागल्या, की तिथला पाव काही खास नसतो बरं का, पण तुम्ही जाऊन बघा त्यांच्या भट्टीत, ते लोक नाही म्हणणार नाहीत, आणि पहिल्या संध्याकाळी जहाज खाडीतून बाहेर पडतं तेव्हा डाव्या हाताला एक दीपस्तंभ...

"जरा गप्प बस," बेकरीवाले भिंतीकडे बघत हळूच म्हणाले. "बघू दे."

गालावर खडू घेऊन, लख्ख उजेडात, खडूबाई गप्प बसल्या.