मोहाखालचं अस्वल
मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला की अजूनही माझे पाय आपोआप मंदावतात. त्या पहाटे कचारगडकडच्या जंगलातल्या रस्त्यावर आम्ही दोघंच पळत होतो, मी आणि गोंदियातल्या एका कापड दुकानदाराची सून, जिला मी पहिल्या मॅरेथॉनसाठी तयार करत होतो. माझी एक खोड होती. शेवटच्या किलोमीटरला मी मागून मुद्दाम ओरडायचो, "थांबा मॅडम, दमल्या तुम्ही." त्यावर थांबायचं नाही, उलट वेग वाढवायचा, असा आमचा नियम होता. त्या दिवशी बुटाची नाडी बांधून मी मान वर केली, तर वळणावरच्या मोहाखाली एक अस्वल फुलं खात बसलेलं, आणि मॅडम खाली मान घालून सरळ त्याच्याकडेच निघालेल्या. मी ओरडलो, "थांबा." त्या हसल्या, "नहीं रुकूँगी सर," म्हणाल्या आणि जोरात पळू लागल्या. मला अस्वल म्हणायचं होतं, पण तोंडातून पुन्हा "थांबा"च निघालं. अस्वलानं तोंड वर केलं. तेवढ्यात फुलं वेचणारी एक म्हातारी टोपली टाकून रस्त्यावर आली आणि तिनं मॅडमचा दंड घट्ट धरला. "कायले धावून राहिली वो बाई? अस्वल हाय समोर," ती दबक्या आवाजात म्हणाली. ते झाडीत शिरेपर्यंत आम्ही तिघं जागचे हललो नाही. परतताना मॅडम म्हणाल्या, "आवाज तर रोजसारखाच होता, सर." आजही मी नव्या लोकांना पळायला शिकवतो, पण खोटं "थांबा" कुणालाच म्हणत नाही, आणि प्रत्येक वळणाला त्यांच्या पुढे मीच असतो.