पवनारच्या थांब्यावरचा माझा माठ

मंडळी, आज पवनारच्या बसथांब्यावर मी एका भाजीवाल्या मावशींवर चिडले आणि थोड्या वेळाने त्यांच्याच माठातलं पाणी प्यायले.

थांब्याची भिंत मी रंगवली आहे. मधोमध पाणपोईचा मोठा माठ, त्याला गुंडाळलेलं ओलं लाल कापड, बाजूला खुंटीवर टांगलेला ग्लास.

आज फोटो काढायला गेले, तर चित्रासमोर स्टूल आणि स्टुलावर खराखुरा माठ! मी जिथे खुंटी काढली होती, बरोबर तिथेच खिळा ठोकून सायकलच्या ब्रेकच्या तारेने स्टीलचा ग्लास बांधलेला.

"हे कोणी केलं?" मी जोरातच विचारलं.

शेजारी वांगी मांडून बसलेल्या मावशी म्हणाल्या, "म्या केलं. काऊन?"

"माझं चित्र झाकलं ना!"

"तुह्यं होय का थे?" मावशी हसल्या. "मंग आयक पोरी. लोकं बसमधून उतरत आन् बाटल्या घेऊन सिद्धे भितीपाशी जात. जवळ गेल्यावर थे चित्र निंगे. मंग मले पुसत, मावशी, पानी कोठी हाय? कितीकाले नाई म्हनू? घरचाच माठ आनून ठेवला."

मी ग्लास भरून पाणी प्यायले.

फोटो खाली दिलाय. मी रंगवलेला माठ अर्धाच दिसतोय, कारण समोर एक आजोबा पाणी पिताहेत. मी रंगवलं तेव्हा त्यात माणूस काढलाच नव्हता. आता कसं वाटतंय चित्र?