मैत्रेयी साफ झाली

माझ्या लेकीला जुळ्या मुली झाल्या आणि त्यांतली एक मी दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकली.

(मुलगी सुखरूप आहे. फोटो गेले. ओरडू नका.)

माझा मुलगा विनय डोंबिवलीत घरी बसून संगणकाचे छोटे छोटे प्रोग्रॅम बनवतो. म्हणजे सगळं स्वतः बनवत नाही. परदेशातला कुणीतरी एक प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवतो, पण तो दुसऱ्याच जातीच्या संगणकावर चालतो. विनय तो उसवून आपल्याकडच्या संगणकावर चालेल असा करतो, वर मराठी बटणं लावतो. थोडक्यात, परक्याच्या मापाचा ब्लाउज आपल्या अंगाला बसवून द्यायचा. शिलाई घेत नाही. मी बोलणं सोडलंय.

दिवाळीआधी त्याने असाच एक प्रोग्रॅम तयार केला. सारखे दिसणारे फोटो तो शेजारी शेजारी दाखवतो आणि विचारतो, दोन्ही ठेवू की एक काढू?

"आई, तू वापरून बघ," विनय म्हणाला. "तुला जमलं तर कुणालाही जमेल."

हे कौतुक नव्हतं, एवढं मला कळतं.

"फक्त माझ्या माथेरानच्या फोटोंवर कर. बाकी कशाला हात लावू नकोस," असं बजावून तो वागळे इस्टेटला कुणाचा तरी संगणक बघायला गेला.

माथेरान लगेच संपलं. आता माळा झाडायला चढल्यावर अर्धाच झाडून कुणी खाली उतरतं का? मी पुढे सरकले. पुढे नातींच्या बारशाचे फोटो होते. जावयांच्या लॅपटॉपवर जागा नाही म्हणून आमच्याकडे ठेवलेले. पाळणा तोच, कुंची तीच, मूल तेच! जावयांचा हात थरथरतो, ते एकेक फोटो दोनदा काढतात, हे मला ठाऊक होतं. एकात तीट डाव्या गालावर, दुसऱ्यात उजव्या. म्हटलं, फोटो उलटा पडला असेल. (ती तीट लेकीने मुली ओळखू याव्यात म्हणून मुद्दाम लावलेली. मला कुणी सांगितलं नाही, कारण "मला दोघी लांबूनही ओळखू येतात," असं मीच बारशात चारचौघींत ठणकावलेलं!) उजव्या गालाचे सगळे काढले. काम कसं, एकसारखं दिसलं पाहिजे. शेवटी पडद्यावर कचऱ्याची पेटी भरलेली दिसली. घरात कचरा साठवायची मला सवय नाही. तीही रिकामी केली.

भाऊबीजेला वर्तकनगरहून लेक शुभदा, जावई, नाती आणि विहीणबाई आल्या. विहीणबाईंना अल्बमसाठी फोटो निवडायचे होते. गार्गी आमच्यावर गेली आणि मैत्रेयी त्यांच्यावर, असं त्यांनी जन्मापासून ठरवून टाकलंय. (दोघींत तिळाएवढा फरक नाही.) आम्ही गार्गीचेच लाड करतो, हा त्यांचा जुना संशय.

विनयने फोटो लावले. सगळ्यांत तीट डाव्या गालावर, म्हणजे गार्गी. गार्गी पाळण्यात. गार्गी मामाच्या मांडीवर. गार्गी विहीणबाईंच्या मांडीवर.

"आमची मैत्रेयी कुठाय?" विहीणबाईंनी विचारलं.

"पुढे असेल," जावई म्हणाले.

पुढे गार्गी होती.

"आई!" विनय ओरडला. "काय केलंस?"

"साफसफाई."

"बरोबर माझ्यावर गेलेलीच वेचून साफ केलीत?" विहीणबाई नातीला घेऊन उठल्या. "शुभदा, पिशव्या भर. अल्बम नको, जेवण नको, आणि पुन्हा या घरी पाऊलही नको!"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं माहेर माझ्या डोळ्यांदेखत दाराबाहेर चाललं होतं. आता एक तर मी दुष्ट ठरणार, नाहीतर खोटारडी.

"अहो, मला त्या ओळखूच येत नाहीत!" मी म्हटलं. "तुमच्या खांद्यावर आहे ती तरी कोण, देवाला ठाऊक!"

विहीणबाईंनी खांद्यावरची नात समोर धरली. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "शुभदा, ही कुठली गं?"

"गार्गी."

विहीणबाई खाली बसल्या.

"वाढा," म्हणाल्या.

जेवणं होईपर्यंत विनयने आणखी कुणा परदेशी माणसाचा प्रोग्रॅम चालवून बरीचशी मैत्रेयी परत आणली. मग आपल्या प्रोग्रॅममध्ये त्याने एक प्रश्न घातला: 'जुळी मुलं नाहीत ना?' मूळ प्रोग्रॅमवाल्याने विचारलं, हे कशासाठी? विनयने सगळं सविस्तर लिहून कळवलं. (काय गरज होती?) त्या माणसाला ते इतकं पटलं, की त्याने तो प्रश्न स्वतःच्या प्रोग्रॅममध्येही घेतला. आता म्हणे कुठल्या कुठल्या देशांत तो विचारला जातो.

मी चौथी पास. मला कुणी व्हिसा दिला नसता; माझा मूर्खपणा मात्र पोचला.